आवळीखालची सतरंजी

प्लेगच्या त्या साली मी बावीस वर्षांची होते. सांगायला लाज वाटते, पण माझ्या तरुणपणातले सगळ्यांत सुखाचे तीन आठवडे मला त्याच साली मिळाले.

दसरा झाला आणि वाशिमात उंदीर पडायला लागले. आधी दाणेबाजाराकडे पडले, मग आमच्या गल्लीत. उंदीर पडला की घर सोडायचं, हे तोवर कोणाला शिकवावं लागत नव्हतं. दवंडी झाली. घराला कुलूप घालून गावाबाहेर राहा. गाद्या, गोधड्या, सतरंज्या घरातच ठेवा. कुलूप घातलेल्या घरात परत जाऊ नका. बाहेर गेल्यावर आपापल्या झोपडीशी राहा, दहा जणांत मिसळू नका. माझे यजमान कचेरीत कारकून होते, त्यामुळे आमच्या घरी हे सगळं पुन्हा समजावून सांगितलं गेलं.

"उंदराच्या अंगावर पिसवा असतात," हे म्हणाले. "उंदीर मेला की त्या कपड्यांत शिरतात. म्हणून कपडा न्यायचा नाही. समजलं का?"

मी समजलं म्हणाले. आणि मला खरोखरच समजलं होतं. पुढे जे झालं ते माझ्या अडाणीपणानं झालं असं म्हणायची सोय मला नाही.

रिसोडच्या वाटेवर, गावापासून कोसभर, एका माळ्याची बाग होती. बागेच्या कडेला पडीक पट्टी होती, तिथं त्यानं आठ-दहा घरांना झोपड्या घालू दिल्या. तुराट्यांचा कुड, वर गवत, समोर तीन दगडांची चूल. आमची झोपडी सगळ्यांत शेवटची, बागेला लागून. मध्ये फक्त पाण्याचा पाट. झोपडीत आम्ही तिघंच, मी, हे आणि आमची तीन वर्षांची मुलगी.

पहिल्याच दिवशी माळीण पाटाच्या पलीकडे येऊन उभी राहिली. बत्तीस-तेहतीस वर्षांची असेल. उंच, काटकुळी, कपाळावर गोंदण, हातात खुरपं.

"पानी वरच्या अंगानं घ्या, भांडे खालच्या अंगाले घासा," ती म्हणाली. "बाग पाह्यची तेवढी पाहा, कोन नाही म्हनते? पन पाटाच्या तिकडूनच. वाफ्यात पाय नका टाकू. आन् माह्या घरच्याईत मिसळू नका. आमी तुमच्यात येत नाही, तुमी आमच्यात नका येऊ. रोग जाऊ द्या, मंग बसू मांडीले मांडी लावून."

मी मान डोलावली. वयानं दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या त्या बाईला मी "बरं वं, नाही येत" असं एकेरी बोलले. तेव्हा तसंच बोलायची रीत होती आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटलंही नाही.

माझं माहेर केनवडचं. लहानपणी शेत पाहिलं होतं, पण लग्न झालं अकराव्या वर्षी आणि तेव्हापासून माझं जग म्हणजे आमची गल्ली, आड आणि देऊळ. डोक्यावरचा पदर सरकू नये एवढंच पाहत चालायचं, त्यामुळे आभाळाकडे मान वर करून बघितल्याचं आठवत नव्हतं. आणि आता दार म्हणून नव्हतंच. सकाळी डोळे उघडले की समोर बाग. मेथीच्या वाफ्यावर दंव पडलेलं असायचं आणि कोळ्यांची जाळी त्या दंवानं पांढरी झालेली असायची. मोट सुरू झाली की आधी चाकाची कुरकुर ऐकू यायची, मग थोड्या वेळानं पाटात पाणी यायचं, वाळलेली पानं पुढं ढकलत, सापासारखं वळत. मुलगी आणि मी ते पाणी कुठवर आलं ते बघत बसायचो. बागेच्या पलीकडे तूर फुलली होती, पिवळी धमक, आणि दुपारी तिच्यातून मधमाश्यांचा असा आवाज यायचा की जणू कोणी लांब तंबोरा लावून बसलं आहे. दोन मुंगसं रोज एकाच वेळी बांधावरून जायची. निळा चाष विहिरीवरच्या बाभळीवर बसायचा.

माळीण निंदायला आली की पाटापलीकडून बोलायची. कुठला पक्षी मिरची खातो, कुठला अळ्या खातो. "त्या सातभायाईले हाकलू नका," ती म्हणायची, "थे माह्ये बिनमजुरीचे गडी हायेत." कधी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी, कधी चार वांगी ती पाटाच्या काठावर ठेवून मागं सरायची आणि मी उचलायचे. एकदा मुलगी पाणी ओलांडून धावली तर तिनं लांबूनच खुरपं आडवं धरलं. "माय, तिकडूनच पाह्य. फूल तिकडूनबी तेवढंच दिसते."

गावातून रोज कोणाची ना कोणाची बातमी यायची. आमच्या गल्लीतलं एक घर पाच दिवसांत रिकामं झालं. मी ऐकायचे, च्‌ च्‌ करायचे, डोळ्यांत पाणीही यायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाटाशी जाऊन बसायचे आणि मनात म्हणायचे, प्लेग आणखी महिनाभर राहिला तर बरं. हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही.

दिवाळी झोपडीतच झाली. कार्तिक लागला. बागेच्या कोपऱ्यात, पाटाच्या पलीकडे, मोठी आवळी होती आणि ती अशी लगडली होती की फांद्या वाकल्या होत्या. आमच्याकडे कार्तिकात आवळीखाली जेवायची चाल. दर वर्षी आम्ही बायका कोणाच्या तरी मळ्यात जायचो, आणि इथं तर झाड डोळ्यांसमोर. मी माळणीला विचारलं.

तिनं वाफ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमी तिघं या. मी मधली वाट झाडून ठेवतो. जेवा, पाया पडा, जा. पन तिघंच. साऱ्या झोपड्या नका बोलावू. औंदा नाही केलं साऱ्याईनं मिळून तर आवळी कुठं पळून नाही चालली."

"तिघंच येऊ," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाण्याला गेले तेव्हा शेजारच्या झोपडीतली वकिलीणबाई म्हणाली की औंदा आवळीभोजन बुडालं. मला कोण जाणे काय झालं. गावात तिच्याकडे मी नेहमी खाली मान घालून जायचे, कारण तिचं घर मोठं. आणि इथं माझी झोपडी बागेला लागून, माळीण माझ्या ओळखीची. मी म्हणाले, "कुठं बुडालं? मी सांगितलंय माळणीला. सगळ्याच या." एकीला बोलावल्यावर दुसरीला कसं वगळायचं? संध्याकाळपर्यंत अकरा बायका झाल्या.

मग मला बसायची पंचाईत सुचली. झोपडीत आमच्यापाशी दोन घोंगड्या आणि तरटाची पोती. वकिलीणबाईला तरटावर बसवायचं? घरी कुलपाच्या आत माझी सतरंजी होती. लग्नात वडिलांनी दिलेली, तांबड्या-निळ्या पट्ट्यांची, वीस माणसं बसतील एवढी. तिच्यासारखी गल्लीत कोणाकडे नव्हती. मला त्या सतरंजीशिवाय दुसरं काही दिसेना.

कचेरी तेव्हा गावाबाहेरच्या एका बंगल्यात हलवली होती. हे तिकडे गेले आणि मी मुलीला शेजारणीपाशी ठेवून, किल्ली कनवटीला लावून निघाले. भर दुपार होती. गावात शिरले तर कुत्रंसुद्धा भुंकेना. घरांच्या दारांवर चुन्याच्या खुणा. माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटत होता. आमचं कुलूप उघडलं, आत अंधार आणि कुबट वास. सतरंजी माजघरात लाकडी पेटीवर गुंडाळून ठेवलेली होती. पेटीच्या पायाशी उंदीर मरून पडला होता. एकच, पण फुगलेला.

मी थांबले. किती वेळ थांबले ते सांगता येत नाही, पण थांबले. परत फिरायला पुरेसा वेळ होता. मग मी लुगडं वर धरून त्याला ओलांडलं आणि सतरंजी उचलली. डोक्यावर घेऊन कोसभर आले. वाटेत मनाला सांगितलं, ऊन कडक आहे, झटकून टाकू, काही होत नाही.

मी ती झटकली. झोपडीमागं दोन तास उन्हात टाकली आणि हे यायच्या आत पोत्यांखाली लपवली. दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेले आणि दहा वाजता ती आवळीखाली पसरली होती.

माळीण विहिरीकडून बघत उभी राहिली. अकरा बायका, त्यांची पोरं, डबे, गडवे. तिनं झाडलेली वाट वीतभर रुंद होती, ती कोणाला दिसलीच नाही. कोणी आवळे पाडायला फांदी ओढली, ती कडाडून मोडली. कोणी शेवंती खुडली. पोरं पळापळ करत होती. जेवणं छान झाली, हे मला लिहायलाच हवं. वारा गार होता, सावली नक्षीसारखी पडली होती, वकिलीणबाई मला म्हणाली, "तुझ्यामुळं औंदा गावातल्यापेक्षा मजा आली." मी फुलून गेले.

बायका उठल्यावर दिसलं. झाडापलीकडे कांद्याच्या रोपांचा वाफा होता, बोटभर वाढलेली, सुईसारखी हिरवी रोपं. पोरांनी तो अर्धा तुडवून टाकला होता. सगळ्या बायका निघून गेल्या, मी एकटी राहिले. माळीण आली, उकिडवी बसली आणि एकेक रोप उभं करून बघायला लागली. तिचा नवराही आला. तो मुळातच कमी बोलणारा माणूस. वाफ्याकडे बघून "हं" म्हणाला आणि खाली मोडून पडलेली फांदी बाजूला घेतली.

"तिघं म्हनलं होतं तुमी," माळीण एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसंही करून तो प्रसंग संपावा असं वाटलं. माळी सतरंजीवरून हात फिरवत होता. "लय गुळगुळीत हाय," तो म्हणाला. मी एकदम म्हणाले, "तुम्हालाच ठेवा. वाफ्याचं नुकसान झालं, त्यापायी."

माळीण उभी राहिली. "नाही बाई. कुठली हाय थे? गावातली तर नव्हं?"

"नाही वं. चार दिवसांमागं केनवडहून वडिलांची गाडी आली होती ना, तिच्यात आली. तिकडं रोग नाही."

गाडी खरंच आली होती, तिनं पाहिली होती. ज्वारीची पोती आणि घोंगड्या आल्या होत्या त्या गाडीतून. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विश्वास ठेवला. "मंग ठेवा," ती नवऱ्याला म्हणाली. "थंडी वाढून राह्यली. खोपीत अंथराले होईन."

तो त्याच दिवसापासून बागेच्या राखणीच्या खोपीत ती अंथरून निजायला लागला.

चौथ्या दिवशी मोटेचा आवाज आला नाही. मी पाटाशी गेले, पाट कोरडा. पलीकडे माळणीचा लेक एकटाच विहिरीशी उभा. "बापूले थंडी वाजून ताप आला," तो म्हणाला. संध्याकाळी जांघेत गाठ आल्याचं कळलं. सरकारी डॉक्टर येऊन गेले. तापाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी माळी गेला.

आमच्यापैकी कोणालाच काही झालं नाही. अकरा बायका, त्यांची पोरं, आम्ही तिघं, सगळे धड. का, ते मला कधी उमगलं नाही. पिसवा घड्यांत खोल बसल्या असतील, की रोग दुसरीकडूनच आला असेल, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. पण "दुसरीकडून आला असेल" हे वाक्य मी तेव्हा इतक्यांदा मनात घोकलं की त्याचा मला वीट आला.

त्याला नेल्यावर खोपी आणि तिच्यातलं सगळं जाळलं. आम्ही आमच्या बाजूला उभ्या होतो. माळीण आगीकडे बघत मोठ्यानं बोलत होती, रडण्यापेक्षा बोलतच जास्त होती. "मीच आनला वं. त्यानं सांगतलं होतं, बाजाराकडं जाऊ नको. मी गेली. टोपलंभर वांगे सडून राह्यले म्हनून गेली. नाक्यावरच्या झाडाखाली दोन घंटे बसली. माह्याच लुगड्यात आला. मीच मारलं त्याले." तिचा दीर आसेगावहून आला होता. तो म्हणाला, "आता कायले रडून राह्यली? तवा ऐकाचं होतं." आणि तिनं ते मान खाली घालून ऐकून घेतलं.

पाट दीड हात रुंद होता. मी तोंड उघडलं असतं तर ते शब्द तिच्यापर्यंत सहज गेले असते.

आठवड्यानं आम्हाला दुसऱ्या माळावर हलवलं. फाल्गुनात घरी परतलो. ह्यांनी माजघरातली पेटी पाहिली, वर सतरंजी नाही. "इथली सतरंजी?" मी सगळं सांगितलं. हे खांबाला टेकून बसले. मग म्हणाले, "कुलूप तू उघडलंस हे कचेरीत कळलं तर माझी नोकरी जाईल. आणि आता सांगून तो माणूस परत येतो का? गप्प राहा." मी गप्प राहिले. त्यांच्या सांगण्यामुळं राहिले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे त्यांनी तसं म्हणावं याचीच मी वाट पाहत होते.

रिसोडच्या वाटेनं मी पुन्हा गेले नाही. माहेरी जायचं झालं तर छकडा दुसऱ्या वाटेनं न्यायला सांगायचे, लांब पडलं तरी. दोन मुलगे झाले. आठ वर्षं गेली.

मग मानमोडीचा ताप आला. प्लेगात पळायला बाहेरची हवा तरी होती, यात तीही नव्हती. माणसाला माणूस भेटला की धरत होता. या खेपेला मी दार लावून घेतलं. परसातला शेवगा, त्यावर येणाऱ्या चिमण्या आणि कुंपणावरची गोकर्णी एवढंच माझं आणि मुलांचं जग केलं. शेजारणी नदीकडे फिरायला बोलवायला आल्या, मी दाराआडूनच नाही म्हटलं. त्या हसल्या. थोरलीला ताप आला, अकरा दिवस होता, ती वाचली.

ताप ओसरल्यावर एक भाजीवाली दारावर यायला लागली. मेथी इतकी कोवळी की मी सहज विचारलं, कुठल्या बागेतली. तिनं तीच बाग सांगितली.

"माळीण स्वतः नाही येत?" मी विचारलं.

"थे नाही येत बाजारात. पिलेगापासून नाही येत. बागेच्या कुपाटीपाशी माल ठेवते, मी उचलतो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "डोक्यात बसलं वं तिच्या. म्हनते, माह्या हाताले रोग हाय. घरातबी कोनाले पानी हातात नाही देत, खाली ठेवते. पोरगी झाली लेकाले, चार वर्साची होऊन राह्यली. तिले कधी मांडीवर नाही घेतलं. मानमोडीत सून तापानं पडली, तं ही दाराबाहेर बसून रडे, पन आत नाही गेली."

मी मेथी तशीच ठेवून आत गेले. मला वाटत होतं, माझ्या खोट्यानं एक माणूस गेला. ते ओझं मी कसंतरी उचलत होते. पण माझ्या गप्प बसण्यानं दुसरं माणूस आठ वर्षं असं जगत होतं, आणि हे तर मी कधीही थांबवू शकले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना सांगून रिसोडच्या वाटेनं निघाले.  

माळीण लसूण निवडत बसली होती. केस पांढरे झाले होते. मला ओळखायला तिला वेळ लागला. ओळखल्यावर ती बसल्या जागीच मागं सरकली. "जवळ नका येऊ बाई. तिथंच बसा."

मी बसले. आणि पहिल्यांदाच तिला "तुम्ही" म्हणाले. "तुम्ही रोग आणला नव्हता. ती सतरंजी केनवडची नव्हती. मी गावातल्या घरातून आणली होती. मी तुमच्याशी खोटं बोलले."

तिचे हात थांबले. मी वाट बघत होते, ती ओरडेल, मारेल, रडेल. तिनं फक्त विचारलं, "घरात उंदीर पडला होता का?"

हा प्रश्न ती विचारेल असं मला वाटलं नव्हतं. नाही म्हणता आलं असतं.

"होता. मी पाहिला होता. ओलांडून गेले."

 मग तिनं लेकाला हाक मारली. तो आता उंच, मिशीवाला बाप्या झाला होता. मागून सूनही आली.

"सांगा," माळीण मला म्हणाली. "मले सांगतलं तसं याईले सांगा. पुरं सांगा."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त अवघड गेलं. मध्येच लेक म्हणाला, "बाई, तुमी उठा आन् जा येथून." पण माळीण म्हणाली, "थांब रे. तिले पुरं करू दे. आठ वर्सं तुह्या काकानं मले बोलनं ऐकवलं. मी एक दिवस नाही म्हनलं नाही."

माझं सांगून झालं. मी म्हणाले, "मला क्षमा करा."

"तुमी हे मले तवा काहून नाही सांगतलं?" ती म्हणाली. "आग लागून होती, तुमी तिथं उभ्या होत्या. मी पाह्यलं होतं तुमाले. एवढा पाट होता मधात." तिनं हातानं रुंदी दाखवली. "आता कायची क्षमा? माह्या नवऱ्याचं मी काही म्हनत नाही, कोनाचं मरन कुठून येते कोन जाने. पन माह्ये आठ वर्सं तुमच्यापाशी होते. ठाऊक असून ठेवले तुमी."

 मी उठले. तिनं अडवलं नाही, बसही म्हटलं नाही. बागेबाहेर आले तेव्हा मागं ऐकू आलं, ती सुनेला म्हणत होती, "पोरगी उठली असन तं आन इकडं." मी वळून पाहिलं नाही. पाहायचा मला हक्क नव्हता.

पंधरा दिवसांनी आठवडी बाजारात ती दिसली. समोर टोपली, मेथी, मुळे, वांगी, आणि मांडीवर नात. भोवती बायकांची गर्दी होती. मी जरा लांब उभी राहिले आणि मग, का कोण जाणे, पुढं गेले. टोपलीतल्या जुडीला हात लावला.

तिनं जुडी माझ्या हातातून काढून घेतली. "तुमाले नाही देत मी," ती म्हणाली. रागानं नाही, भाव सांगावा तसं. "फुडं जा बाई. बाजारात लय भाजी हाय."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांत आमच्या गल्लीतल्या दोघी होत्या. एकीनं विचारलं, "काहून वं? काय झालं?" मी काही सबब सांगू शकले असते. मी म्हणाले, "तिचं बरोबर आहे. घरी या, सांगते." त्या आल्या, आणि मी सांगितलं. त्यानंतर त्यांतली एक आमच्याकडे यायची बंद झाली.

त्या दिवशी मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले. ह्यांनी जेवताना विचारलं, भाजी नाही का. मी बाजारातलं सगळं सांगितलं. हे तसेच बसून राहिले, भात कालवलेला हात ताटातच. मग हात धुऊन आत जाऊन निजले.

पुढच्या रविवारी हे न सांगता बाहेर गेले. दुपारी परत आले तेव्हा धोतराचा काठ चिखलानं भरला होता. मी पायांवर पाणी घातलं.

"बागेत गेला होतात?"

"हो."

"काय म्हणाली?"

"काही नाही," हे म्हणाले. "मी गप्प राहा म्हणालो होतो, तेवढं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि कामाला लागली."

मी तांब्या खाली ठेवला. मग त्यांच्या धोतराच्या काठाचा चिखल चोळून काढायला बसले.